मला काय धाड भरलीय?

नमस्कार, मैत्रिणींनो. भाकरी थापत असाल तर थापत राहा, कान तेवढे इकडे द्या.

आशाताई दारात येऊन सांगते, "काकू, उद्या कॅन्सर-बीपीची तपासणी आहे, या." आपलं उत्तर ठरलेलं: "मला काय धाड भरलीय?" खरंच भरलेली नसते. पण ही तपासणी अशाच बाईसाठी असते. जिचं दुखतंय तिला तपासणी नव्हे, उपचार लागतात.

धाराशिव जिल्ह्याची गोष्ट सांगते, तेव्हाच्या उस्मानाबादची. १९९९ साली तिथल्या गावांत ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय त्यात होतं. त्यांचे चार गट केले. गर्भाशयाच्या पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो; एका गटात तो विषाणू तिथे आहे का ते पाहिलं, तेही एकदाच. दोष सापडला त्यांना उपचार दिले. आठ वर्षांनी हिशेब मांडला. त्या गटात या कॅन्सरने ३४ जणी गेल्या, तपासणी न केलेल्या गटात ६४. दोन्ही गट तीस-पस्तीस हजारांचे. एका गटाला न तपासता तसंच ठेवलं म्हणून पुढे टीका झाली, आणि मला ती रास्त वाटते. पण त्या बायकांमुळे जे कळलं, ते तरी आपण वाया घालवू नये. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या दोघींचीही ही तपासणी झालेली नव्हती.

सरकारी केंद्रात बहुतेक ठिकाणी याहून साधी पद्धत असते. नर्सबाई पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात, व्हिनेगरमध्ये असतं तेच. मिनिटभर थांबून बघतात. पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि डाग दिसला म्हणून लगेच पिशवी काढायची नसते. बऱ्याचदा तेवढाच भाग गोठवून किंवा शेकून टाकतात आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. ऊसतोडीला जाणाऱ्या किती बायकांच्या पिशव्या गरज नसताना निघाल्या, हे बीडने पाहिलंय. म्हणून ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पुढे कुणी "काढून टाका" म्हणालंच, तर "का?" म्हणून विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

त्याच फेरीत स्तन आणि तोंड बघतात, बीपी आणि साखर मोजतात. बीपीचं दुखणं असं की ते दुखत नाही. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे वारंवार येत असेल, तर काळीज आणि मूत्रपिंड आतल्या आत झिजत असतात. गोळ्या केंद्रात फुकट मिळतात. "आता बरं वाटतंय" म्हणून त्या सोडायच्या नाहीत. आणि चालताना धाप, जबड्यात किंवा पाठीत कळ, घाम, मळमळ असं अचानक झालं, तर पित्त म्हणून सोडा पिऊन पडून राहू नका. बायकांचा हार्ट अटॅक कित्येकदा असाच येतो. १०८ ला फोन करा.

तिशी ओलांडली असेल तर आशाताईला विचारा, "माझा फॉर्म भरलाय का?" पाळी चालू असेल तर ती संपल्यावर जा. आणि मिश्री लावून जाऊ नका बाई, तोंडात बघायचं असतं त्यांना.