मागच्या पायांची विद्या

आल्तेर दु शाँव. पोर्तुगालच्या आलेंतेजो प्रांतातली जुनी राजपागा. घोड्या आणि त्यांची शिंगरं चरून परत येताहेत. सगळा कळप कुम्मैत: अंग तांबूस-तपकिरी, आयाळ आणि शेपूट काळी. 1748 साली, राजा पाचव्या जुआँवच्या कारकिर्दीत, लिस्बनच्या राजघराण्याला स्वारीचे घोडे पुरवायला ही पागा उभी राहिली. लुसितानो जातीतल्या या शाखेचं नाव आल्तेर रेआल.

आता हा नर बाजूने पाहा. खांद्याशी उंची साधारण 1.60 मीटर. नाकाची रेषा किंचित फुगीर, पाठ आखूड, पुठ्ठा (कंबरेपासून शेपटीपर्यंतचा भाग) उतरता, शेपूट खाली लागलेली. सपाट मैदानावरच्या शर्यतीत याचं कुणी फारसं कौतुक करणार नाही. पण पुठ्ठ्याच्या या उतारामुळेच मागचे पाय पोटाखाली सहज येतात, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

लिस्बन. पोर्तुगीज अश्वकला शाळेतला सराव. 1979 मध्ये सुरू झालेल्या या शाळेत आल्तेरचेच घोडे आहेत. घोडा दोन खांबांच्या मधे, दोन्ही बाजूंनी दोरानं बांधलेला. पाठीवर स्वार नाही. शिक्षक मागे, जरा बाजूला. छडी मारायची नाही, नुसती टेकवायची. पुढे जायला वाट नाही, म्हणून घोडा जागच्या जागी दुडकी धरतो: पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम, मग उलट जोडी. यालाच पियाफ म्हणतात.

नजर पुठ्ठ्यावर ठेवा. तो खाली बसायला हवा. पुठ्ठाच वर उसळू लागला, तर वजन अजून पुढच्या पायांवर आहे. पुढचे पाय तिरके होऊन छातीखाली सरकले किंवा अंग डावीकडे-उजवीकडे झुलू लागलं, तर तोल गेलाय, बहुतेक वेळा घाई केल्यामुळे. अशा वेळी छडी वाढवणं हा सगळ्यात वाईट उपाय. दोर सोडा, घोडा सरळ पुढे चालवा, मग पुन्हा पियाफची चार पावलं करायला सांगा. चार चांगली पडली की थांबा. लगेच.

पियाफ पक्का झाला की लेव्हाद. मागचे सांधे वाकतात, पुढचे पाय छातीशी दुमडतात, धड जमिनीशी सुमारे 30 ते 35 अंशांत तोललं जातं. बिथरलेला घोडा दोन पायांवर उभा राहतो तेव्हा मागचे पाय ताठ असतात. इथे ते वाकलेले आहेत. कसरत जितकी खाली, तितकी अवघड.

पागा उभी राहिल्यानंतरच्या काळात फ्रेंच आक्रमणं झाली, परक्या रक्ताचे संकर झाले, 1910 मध्ये राजेशाही गेली. अश्वपालक रुय द'आंद्रादे यांनी मोजके घोडे राखले म्हणून आल्तेर रेआल ही शाखा टिकली. 2024 मध्ये युनेस्कोने पोर्तुगीज अश्वकलेला वारशाच्या यादीत घेतलं.

नवा स्वार मात्र आजही आधी शिकलेल्या, वयस्क घोड्यावर बसतो. पुठ्ठा खाली बसला की खोगिराखाली काय जाणवतं, ते त्याला तोच घोडा शिकवतो.