रशियन सणांच्या शुभेच्छा आणि जुन्नरचा पाहुणा

नमस्कार श्रोतेहो. नवीन वर्ष तोंडावर आलंय. आज आपण सणावारी रशियन माणसं एकमेकांना काय म्हणतात ते शिकणार आहोत. वही-पेन शोधू नका. परकी भाषा आधी कानाने घ्यावी, लिपी मागाहून, असं माझं ठाम मत आहे.

पहिली शुभेच्छा: “स् नोवीम गोदम!” पुन्हा ऐका. “स् नोवीम गोदम!” सुरुवातीचा ‘स्’ पुढच्या शब्दाला चिकटवून म्हणायचा. नव्या वर्षाच्या शुभेच्छा. आणि लगेच तिचं उत्तर: “इ वास तोझे”, तुम्हालाही. जवळच्या माणसाला “इ तिब्या तोझे”, तुलाही. तुम्ही आणि तू यांतला फरक तिथेही आपल्यासारखाच पाळतात. शुभेच्छा शिकाल तेव्हा उत्तरही शिका, हे मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

मात्र “स् नोवीम गोदम” म्हणतात ते मुख्यतः रात्रीचे बारा वाजल्यावर. त्याआधी कुणी भेटलं तर “स् नस्तुपायुश्शिम!”, म्हणजे येऊ घातलेल्या वर्षाच्या शुभेच्छा. नववर्षाला असं आधी म्हटलेलं चालतं. वाढदिवसाला मुळीच चालत नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा एक दिवसही आधी देणं रशियात अशुभ मानतात.

नववर्ष हा तिथला सर्वांत मोठा घरगुती सण का, तर सोव्हिएत काळात नाताळ मागे पडला. सजवलेल्या झाडावरही 1920 च्या दशकाच्या अखेरीस गदा आली. मग 1935 च्या डिसेंबरात ते झाड परत आलं, पण नववर्षाचं झाड म्हणून. तेव्हापासून झाड, भेटवस्तू, पांढऱ्या दाढीचे मरोझ आजोबा, सगळं 31 डिसेंबरचं झालं. टेबलावर संत्री आणि ओलिव्ये सॅलड हवंच. आपल्याकडे लग्नाच्या जेवणात ‘रशियन सॅलड’ म्हणून वाढतात ते त्याचंच भावंड. त्यात अननस घालतात ते मला पटत नाही. बटाटा, मटार, खारवलेली काकडी, ही त्याची खरी चव.

नाताळ मग 7 जानेवारीला. रशियन चर्च अजून जुनं ज्युलियन पंचांग पाळतं आणि ते आपल्या कॅलेंडरच्या 13 दिवस मागे आहे. त्या दिवशी म्हणायचं, “स् रझ्दिस्त्वोम!”

आता ईस्टर. त्याला रशियन लोक पास्खा म्हणतात. ही शुभेच्छा दोघांनी मिळून पुरी करायची असते. एकजण म्हणतो, “ख्रिस्तोस वस्क्रेसे!”, ख्रिस्त उठला आहे. दुसरा म्हणतो, “वाइस्तिनु वस्क्रेसे!”, खरोखर उठला आहे. मग गालांवर तीन वेळा मुके, हातात लाल रंगवलेलं अंडं. पास्खापासून जवळजवळ चाळीस दिवस ही हाक आणि हे उत्तर चालू असतं. पुन्हा ऐका. “ख्रिस्तोस वस्क्रेसे!” “वाइस्तिनु वस्क्रेसे!”

आणि आता ज्याच्यासाठी मी खरं तर हा विषय घेतला, त्या माणसाकडे येतो. अफनासी निकितिन. त्वेर गावचा व्यापारी. 15व्या शतकात, बहमनी राज्य असताना, तो समुद्रमार्गे चौलच्या बंदरात उतरला. सोबत विकायला एक घोडा. या घोड्यासाठी त्याचे शंभर रूबल पडले होते. चौलहून घाट चढून तो जुन्नरला पोहोचला आणि तिथे पावसाळ्याने त्याला अडवलं. त्याने लिहून ठेवलंय, चार महिने दिवसरात्र जिकडेतिकडे पाणी आणि चिखल. राजांच्या बखरींपेक्षा मला अशा व्यापाऱ्यांच्या नोंदी जास्त आवडतात. चिखल किती, घोडा केवढ्याला, लोक काय पेरतात, हे त्यातच सापडतं.

तर जुन्नरचा अधिकारी असदखान. हा परदेशी मुसलमान नाही हे कळताच त्याने घोडा काढून घेतला. म्हणाला, आमचा धर्म घे, घोडाही देतो, वर हजार मोहरा देतो. मुदत चार दिवसांची. निकितिन घाबरला. पण नेमका त्याच्या धर्मातला सण जवळ आला होता, तारणहाराचा दिवस. त्या सुमारास खुरासानचा एक ख्वाजा जुन्नरला आला. निकितिनने त्याला गाठून विनवलं. ख्वाजा खानाकडे गेला, रदबदली केली आणि घोडा सोडवून आणला. निकितिन लिहितो, तारणहाराच्या दिवशी देवाने केलेला हा चमत्कार. आणि हा चमत्कार झाला एका मुसलमान माणसाच्या हातून. मला ही गोष्ट सांगताना दर वेळी भरून येतं.

पण त्याचं खरं दुःख वेगळंच होतं. वाटेत व्होल्गाच्या मुखाजवळ त्याला लुटलं, त्यात त्याची धर्माची पुस्तकंही गेली. पुस्तकं नाहीत, मग पास्खा कधी येतो हे कळायचं कसं? तो सण दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो, आपल्या तिथींसारखं गणित मांडावं लागतं. निकितिन अंदाज बांधत राहिला. लिहितो, आमचा पास्खा मुसलमानांच्या ईदेच्या नऊ-दहा दिवस आधी येत असावा. बिदरला असताना एक पास्खा त्याने 1 मे रोजी धरला. श्रोतेहो, त्याच्या पंचांगात पास्खा 25 एप्रिलच्या पुढे कधी जातच नाही. म्हणजे त्याचा दिवस चुकला होता.

विचार करा. बिदरमध्ये त्या दिवशी तो “ख्रिस्तोस वस्क्रेसे” म्हणाला असेल, तर उलट उत्तर द्यायला होतं कोण? पुढे तो दाभोळहून जहाजात बसला, पण त्वेरला पोहोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडे वाटेतच वारला. त्याची वही मात्र पोहोचली. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. जुन्नरलाही एक फलक लागायला हवा, असं मला फार वाटतं.

तुमच्या घरातलं कुणी वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात असेल, तर 31 डिसेंबरला फोन करताना घड्याळ बघा. मॉस्को आपल्यापेक्षा अडीच तास मागे. आपल्याकडे बारा वाजतात तेव्हा तिथे साडेनऊच झालेले असतात. म्हणून तेव्हा म्हणा, “स् नस्तुपायुश्शिम!” मॉस्कोत बारा होतील आपल्या रात्री अडीचला, तोवर जागे असलात तर “स् नोवीम गोदम!” पलीकडून “स् नोवीम गोदम” आधी आलं, तर तुमचं उत्तर तयार आहेच: “इ तिब्या तोझे!”