बातमीत ड्रगचं नाव आलं म्हणजे त्यानेच घात केला असं नसतं

नमस्कार मंडळी, मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, ताई, नवीन ड्रगने लोकांना त्रास होतोय हे पेपर वाचून कसं कळणार? तर कळतं, कारण नवा पदार्थ बऱ्याचदा नेहमीच्या लघवीच्या टेस्टमध्ये दिसतच नाही, डॉक्टरांसमोर असतो तो फक्त छातीत धडधड होणारा, भ्रमिष्टासारखा बोलणारा पोरगा, आणि 'पार्टीत चौघं कोसळले' ही लोकल बातमी लॅबच्या आधी येते. युरोपात १९९७ पासून नव्या ड्रग्जसाठी अर्ली वॉर्निंग सिस्टीम आहे, लिस्बनहून चालते, तिथे लॅब-हॉस्पिटलच्या रिपोर्टसोबत बातम्यांवरही लक्ष ठेवतात. बेसिक एवढंच.

आता जिथे सगळे घसरतात ते. बातमी हा इशारा आहे, पुरावा नाही.

मार्च २०१०, ब्रिटनमधलं स्कंथॉर्प, दोन तरुण गेले आणि पेपरांनी मेफेड्रोनचं नाव घेतलं, म्हणजे आपल्याकडे एमडी म्हणतात तेच. एप्रिलमध्ये बंदी आली. मे मध्ये टॉक्सिकॉलॉजीचा, म्हणजे शरीरात कुठलं ड्रग किंवा विष होतं त्या तपासणीचा, रिपोर्ट आला तर दोघांच्या शरीरात मेफेड्रोन नव्हतंच! २०१२ ला मायामीत एकाने दुसऱ्याचा चेहरा चावला, जगभर 'बाथ सॉल्ट्स'चा, म्हणजे त्या नावाने विकल्या जाणाऱ्या कृत्रिम नशेच्या पावडरीचा, गाजावाजा, लॅबमध्ये सापडला फक्त गांजा. मेफेड्रोन निरुपद्रवी आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, कृपा करून कॉमेंटमध्ये तसं लिहू नका, मी म्हणतेय की पहिल्या दिवशीचं नाव पेन्सिलने लिहा, रिपोर्ट आल्यावर पेनाने.

दुसरं म्हणजे बातम्यांवरून केसेसची मोजणी. बडोद्याच्या दांडिया बाजारातले आमचे काका गुजराती, मराठी, इंग्रजी अशी तीन कात्रणं पाठवतात, बघ किती वाढलंय! अहो काका, तिन्ही एकाच केसची आहेत. तारीख, गाव, वय जुळवून बघायचं, तेव्हा तीनाची एक होते. हे न करता काढलेला ग्राफ घटना दाखवत नाही, छापखान्याचा उत्साह दाखवतो, आणि घाबरलेल्या आईबापांना तोच ग्राफ फॉरवर्ड होतो, याचा मला मनापासून राग येतो.

आणि जप्ती. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या बडोदा जिल्ह्यातल्या सावली तालुक्यातल्या मोक्सीच्या फॅक्टरीतून गुजरात एटीएसने दोनशे किलोच्या वर एमडी पकडलं, हेडलाइन हजार कोटींची. त्यातून माल बनत होता हे कळलं, पण किती जण आजारी पडले हे त्या आकड्यातून कळत नाही. बातम्यांची नोंद ठेवताना जप्ती वेगळ्या रकान्यात, आजारी माणूस वेगळ्या रकान्यात, आणि 'लॅबने कन्फर्म केलं का' हा तिसरा रकाना, जो बहुतेक रिकामाच राहतो कारण दोन महिन्यांनी त्या बातमीकडे परत कुणी बघतच नाही. तुम्ही बघा. कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावा.

एका दादांनी विचारलंय, माल कुठे मिळतो त्याच्या पोस्टही नोंदवायच्या का? माझ्या कॉमेंटमध्ये तरी नको, दिसल्या की डिलीट करते. आणि कुणी समोर कोसळला असेल तर मोबाइलवर शोधत बसू नका, १०८ लावा आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा, उरलेली पुडी असेल तर तीही दाखवा.