योनीमार्गात गॅसच्या गाठी? घाबरू नका, पण दाखवून घ्या

नमस्कार मैत्रिणींनो, आणि दादा लोक ऐकत असाल तर रेडिओ बंद करू नका, तुमच्याशी पण बोलायचंय.

आजचा आजार आहे व्हजायनायटिस एम्फिसेमॅटोसा. नाव ऐकूनच धडकी भरते, पण तो दुर्मिळ आहे आणि कॅन्सर वगैरे अजिबात नाही. होतं काय, योनीमार्गाच्या अस्तराखाली बारीक बारीक गाठी येतात, साबुदाण्यापासून बोराएवढ्या, आणि त्यात पाणी नाही, पू नाही, चक्क गॅस! काहींना अंगावरून पांढरं जातं, खाज येते, काहींना काहीच त्रास नसतो. कधी तपासताना नाहीतर संबंधाच्या वेळी गाठ फुटते आणि टप्प असा आवाज येतो, बाई हादरून जाते, आणि सांगणार कुणाला? सासूला? कित्येकजणी तर नवऱ्याला पण सांगत नाहीत, नुसत्या कुढत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तसा हा आजार जुनाच, 1877 मध्ये त्स्वाइफेल या जर्मन डॉक्टरांनी त्याला हे नाव दिलं. गरोदर बायकांमध्ये किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांमध्ये तो जास्त दिसलाय, आणि बऱ्याचदा सोबत ट्रायकोमोनासचं (संबंधातून पसरणारा सूक्ष्म परजीवी) नाहीतर गार्डनरेलाचं (योनीतले एक जिवाणू) इन्फेक्शन सापडतं.

खरी धांदल उडते सिटी स्कॅनमुळे. पोटात दुखतंय म्हणून स्कॅन काढला आणि रिपोर्टात आलं की योनीच्या भिंतीत गॅस आहे, मग सगळेच घाबरतात, कारण मांस सडवणाऱ्या भयंकर इन्फेक्शनमध्येही असाच गॅस दिसतो, किंवा आतडं आणि योनी यांच्यात भोक पडलं असेल तरी. पण त्या पेशंट बहुतेक खूप आजारी असतात, आणि इथे बाई चालत-बोलत असते. म्हणून आधी डॉक्टरांनी स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडून आत बघायचं साधन, लावून नीट बघायचं, शंका वाटली तर छोटा तुकडा तपासायला पाठवायचा. नुसता स्कॅन बघून ऑपरेशनची घाई नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाठी बहुतेकदा आपोआप जातात, गरोदरपणात आलेल्या गाठी बाळंतपणानंतर जातात. स्वतः फोडायला जाऊ नका हं. ट्रायकोमोनास निघाला तर मेट्रोनिडाझोल या जंतू मारणाऱ्या औषधाचा कोर्स असतो, डॉक्टर सांगतील तेवढे दिवस पूर्ण घ्यायचा, आणि दादा, तो नवऱ्यानेही घ्यायचा, नाहीतर तिचं बरं होऊन परत तुमच्याकडूनच तिला होणार, दोघांचा कोर्स संपेपर्यंत संबंध टाळा.

आणि थंडी वाजून ताप, असह्य दुखणं, योनीतून शी किंवा लघवी येणं, पाळी गेल्यावर रक्त जाणं, यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघू नका, तडक दवाखान्यात जा.