वाळवंटातला मुक्काम आणि आभाळाची मर्जी

[दृश्य: पहाट. तंबूच्या उघड्या दारातून दिसणारा वाळूचा उतार.]

उजाडण्याआधीचा हा तास वाळवंटातला सगळ्यात गार. काल दुपारी याच जागी उन्हात ठेवलेल्या भांड्याला हात लावता येत नव्हता. आता कानटोपी घालून, स्लीपिंग बॅगची चेन गळ्यापर्यंत ओढून माणसं झोपलेली आहेत. हवेत बाष्प नाही, वर ढगांचं पांघरूण नाही. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळताच सगळी उष्णता आकाशात सोडून देते. दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानात वीस अंशांचा फरक इथे नेहमीचाच.

जाग आली की आधी बूट झटकायचे. विंचू रात्रभर भक्ष्य शोधत फिरतो आणि उजाडू लागलं की अंधारी, अरुंद जागा पाहून आत शिरतो. बूट त्याला आयताच सापडतो. अतिनील टॉर्चच्या उजेडात विंचवाचं अंग हिरवट-निळं चमकतं. झोपण्यापूर्वी असा टॉर्च घेऊन तंबूभोवती एक फेरी मारावी, आणि कितीही दमलो असलो तरी ती टाळू नये.

[दृश्य: स्टोव्ह, पाण्याचे कॅन, वाळूने घासलेली भांडी.]

स्वयंपाक, सामानाची आवराआवर, चालणं, सगळं सकाळीच उरकायचं. दुपार सावलीत काढायची. पिण्यासाठी आणि इतर गरजांसाठी माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी धरतात, उन्हात चालायचं असेल तर आणखी. कोरड्या हवेत घाम येताक्षणी उडून जातो. अंग ओलं होत नाही, त्यामुळे शरीरातून किती पाणी गेलं हे कळतच नाही. तहान लागायची वाट न पाहता घोट-घोट पीत राहावं. आणि पाणी एकाच मोठ्या कॅनमध्ये भरू नये, कारण तो फुटला तर सगळंच गेलं. भांडी कोरड्या वाळूने घासायची आणि ओल्या फडक्याने पुसायची.

तंबूची नेहमीची खुंटी वाळूत धरत नाही. जोराचा वारा आला की ती दोरीसकट उपटून येते. म्हणून पिशव्यांमध्ये वाळू भरून त्या आडव्या, खोल पुरतात आणि दोऱ्या त्यांना बांधतात. हे काम सकाळी वारा पडलेला असतानाच करून घ्यावं, कारण जमीन तापली की दुपारी वारा उठतोच.

[दृश्य: दुपार. क्षितिजावर गडद ढग, खाली लोंबणाऱ्या पावसाच्या झालरी.]

या झालरी नीट पाहा. ढगातून पाऊस पडतोय, पण जमिनीपर्यंत पोचत नाही. वाटेतल्या कोरड्या हवेतच तो विरतो. विरताना हवा गार करतो, गार हवा जड होऊन खाली कोसळते, जमिनीवर आदळून चहूकडे पसरते आणि पुढची सगळी धूळ उचलते. ५ जुलै २०११ रोजी अमेरिकेतल्या फीनिक्स शहरावर अशीच धुळीची भिंत चालून आली होती. तिची उंची होती सुमारे दीड किलोमीटर.

अशी भिंत दिसली की हातात थोडाच वेळ असतो. स्टोव्ह विझवायचा. तंबूचे खांब काढून कापड खाली पाडायचं आणि त्यावर वजन ठेवायचं. नाका-तोंडावर ओलं फडकं बांधून गाडीत बसायचं. गाडी रस्त्यावर असेल तर ती रस्ता सोडून बाजूला घ्यायची आणि सगळे दिवे बंद करायचे. ब्रेकच्या पायडलवरचा पायसुद्धा काढायचा. नाहीतर मागून येणारा आपल्या लाल दिव्याच्या रोखाने येतो आणि थेट धडकतो.

[दृश्य: कोरड्या ओढ्याचं रुंद पात्र.]

आता ही जागा. सपाट, मऊ वाळू, काठाला झाडांची सावली, दोन्ही बाजूंनी वाऱ्याला आडोसा. तंबू ठोकायला हीच जागा सगळ्यांच्या मनात भरते, आणि नेमकी हीच टाळायची. पाऊस कितीतरी किलोमीटर दूर डोंगरात पडतो. तिथल्या खडकात आणि टणक जमिनीत तो मुरत नाही. पाणी जमून ओढ्यातून धावत येतं, तेव्हा आपल्या डोक्यावर निरभ्र आकाश असू शकतं. काठच्या झुडपांत अडकलेल्या काड्या आणि वाळलेला पाला पाहा. मागचा पूर तिथवर चढला होता.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातल्या डेथ व्हॅली या वाळवंटी खोऱ्यात पृथ्वीवरचं नोंदलेलं सर्वोच्च तापमान आहे, ५६.७ अंश सेल्सिअस, १० जुलै १९१३ चं. त्याच खोऱ्यात ५ ऑगस्ट २०२२ रोजी तीनेक तासांत सुमारे ३७ मिलिमीटर पाऊस झाला. गाड्या दगडमातीत रुतल्या आणि जवळपास हजार माणसं अडकली. पुढच्याच वर्षी, २० ऑगस्टला, हिलरी वादळाने तिथे एका दिवसात वर्षभराच्या सरासरीइतका पाऊस आणला. समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली असलेल्या बॅडवॉटरच्या मिठागरात तळं साचलं आणि महिनोन्‌महिने टिकलं. ज्या जमिनीवर मिठाच्या पापुद्र्याशिवाय काही दिसत नाही, तिथे लोकांनी होड्या वल्हवल्या!

[दृश्य: चिखलात उभ्या गाड्या, बुटांना चिकटलेले जड गोळे.]

पूर आला नाही तरी पाऊस वाट अडवतो. अमेरिकेच्याच नेवाडा राज्यातल्या ब्लॅक रॉक वाळवंटाची जमीन म्हणजे आटलेल्या प्राचीन सरोवराचा तळ, बारीक चिकण गाळाचा. २०२३ च्या सप्टेंबरच्या पहिल्याच दिवशी तिथे पाऊस सुरू झाला, तेव्हा बर्निंग मॅन उत्सवासाठी सुमारे सत्तर हजार लोक तंबू ठोकून होते. चाकं जागीच रुतू लागली. येण्या-जाण्याचं फाटक बंद झालं. अन्न-पाणी जपून वापरा, आहात तिथेच थांबा, असं सगळ्यांना सांगितलं गेलं. सोमवारी, ४ तारखेला जमीन पुरेशी वाळली आणि गाड्यांच्या रांगा बाहेर पडू लागल्या.

म्हणून सामान भरताना परतीच्या तारखेनंतरच्या दोन-तीन दिवसांचं अन्न आणि पाणी आधी गाडीत चढवावं. उरलेल्या जागेत बाकीचं.