पाळकाच्या घरचा सोमवार

श्रोतेहो, नमस्कार. आणि माझ्या ख्रिस्ती भावाबहिणींना सलाम.

आज मी पाळकाच्या घराविषयी बोलणार आहे. माझे यजमान इंदूरला पाळक, म्हणजे चर्चचे पाद्री होते, आता निवृत्त झालेत. माझा सगळा संसार चर्चच्या आवारातल्या बंगलीत झाला, त्यामुळे या विषयावर बोलायचा मला हक्क आहे असं मी समजते.

सगळ्यांच्या सुट्टीच्या वेळी पाळकाला काम असतं. रविवारी सकाळी उपासना, मग शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचा बायबलचा वर्ग, दुपारी अंथरुणाला खिळलेल्या कुणाला प्रभुभोजनाची भाकर नि द्राक्षारस द्यायला जायचं, संध्याकाळी तरुणांची सभा. मुलांना नाताळची सुट्टी लागते, आणि वडील कॅरल पार्टीबरोबर मध्यरात्रीपर्यंत घरोघर फिरत असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत लग्नं. ईस्टरला पहाटेची उपासना. आणि माती, म्हणजे दफनविधी, तर कुणाला विचारून होत नाही. कॅथलिक फादर लग्न करत नाहीत. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायांत, पाळक संसारी असतो, आणि त्याचा संसार नीट असावा अशी अटही असते. बायबलमध्ये पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सरळ विचारलंय, की ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही, तो देवाची मंडळी कशी सांभाळणार? हे वचन पाळकाला ऐकवणारे पुष्कळ भेटतात. पण घर सांभाळायला त्याला वेळ कोणी द्यायचा? श्रोतेहो, तो वेळ मंडळीने द्यायचा. पाळकाचा मोकळा दिवस मंडळीने राखायचा. आजच्या भाषणात मला एवढंच सांगायचंय, आणि ते मी पुन्हा सांगणार आहे.

आता माझ्या आईची गोष्ट.

मी नगरची. 1831 साली अमेरिकन मिशनरी नगरला आले, तेव्हापासूनची आमची मंडळी. इंदूरला 1877 मध्ये कॅनडाचं मिशन आलं, त्यांनीच इथलं ख्रिश्चन कॉलेज काढलं. 1970 साली अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं; आमची नगरची मंडळी आणि इथली मंडळी दोन्ही त्याच एका छत्राखाली आहेत. त्यामुळे नगरची मुलगी माळव्यात येणं फारसं नवलाचं राहिलं नाही. इथली उपासना हिंदीत, घरात मात्र मराठी. माझ्या दोन्ही मुली नगरचं मराठी बोलतात. ज्यांच्या घरात आईबापच मुलांशी हिंदी बोलतात, त्यांनी मुलांच्या मराठीबद्दल तक्रार करू नये असं मला वाटतं. असो.

आई मिशनच्या शाळेत शिक्षिका होती. एका पावसाळ्यात ती आमच्याकडे राहायला आली. मुली तेव्हा लहान. यांनी मुलींना कबूल केलं होतं, की सोमवारी पाताळपाणीला जाऊ. सोमवार म्हणजे पाळकाचा सुट्टीचा दिवस, निदान कागदावर. महूच्या पुढे छोट्या लाइनच्या गाडीने जायचं, चोरल नदीचा धबधबा बघायचा, संध्याकाळी परत. त्या धबधब्याच्या पायथ्याशी पाण्यात उतरून फोटो काढणाऱ्यांना मात्र माझं कळकळीचं सांगणं आहे, दुरून बघा. 2011 च्या जुलैत एकाएकी लोंढा आला आणि माणसं वाहून गेली.

तर सोमवारी पहाटे उठून मी दशम्या केल्या, बटाट्याची भाजी केली. मुली बूट घालून तयार. तेवढ्यात दारावर थाप. एकाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. तो बसला होता तोवर दुसरा कब्रस्तानाच्या फाटकाची किल्ली मागायला आला. मग दोघे भाऊ आले, वडिलांच्या घराच्या वाटणीवरून भांडत. हे सगळ्यांशी प्रेमाने बोलत राहिले. गाडी गेली. धाकटीने काहीही न बोलता बूट काढले आणि पुन्हा खाटेखाली सारले. ती रडलीसुद्धा नाही.

आईने ते पाहिलं. दुपारी मला म्हणाली, "रडली असती तर मला एवढं वाईट वाटलं नसतं गं. पोरीला सवय झालीय."

पुढच्या सोमवारी आई सगळ्यांच्या आधी उठली. व्हरांड्यात खुर्ची टाकली. शेजारी स्टुलावर चहाची किटली, मांडीवर वही. यांना म्हणाली, "जावईबापू, तुम्ही मागच्या दाराने निघा. पुढचं दार माझ्याकडे."

हे म्हणाले, "आई, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी ऐकून घेते."

आम्ही गेलो. पाताळपाणी पाहिलं, दशम्या खाल्ल्या, पावसात चिंब झालो. धाकटी वडिलांच्या खांद्यावरून उतरायला तयार नव्हती. संध्याकाळी परत आलो, तर आई खुर्चीवर नाही. खुर्चीवर शेजारच्या सिस्टर बसलेल्या, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. मांडीवर तीच वही.

दिवसभरात काय काय झालं ते त्यांच्याकडूनच कळलं. सकाळी पहिले गृहस्थ आले, विचारलं, "पादरी साहब हैं?" आईने आपल्या नगरी हिंदीत सांगितलं, "आज वो बच्चियों के बाप हैं. पादरी साहब कल मिलेंगे. बैठो, चाय लो." त्यांना चहा दिला, नाव लिहिलं, काम लिहिलं. दाखल्याचं काम चर्चच्या कारकुनाचं, तर त्या नावापुढे 'कारकून' असं लिहिलं. किल्ली रखवालदाराकडेच ठेवायला सांगितली. एक मुलगा नोकरीच्या अर्जावर सही मागायला आला, त्याचा अर्ज आईने वाचला, चुका दुरुस्त करून दिल्या आणि उद्या ये म्हणाली. ते दोघे भाऊ पुन्हा आले. आईने दोघांना जेवायला वाढलं आणि दोघांचं ऐकून घेतलं. वाटणीबद्दल एक शब्द बोलली नाही, फक्त थोरल्याला विचारलं, "वडील गेले त्या रात्री धाकटा कुठे बसला होता?" थोरला म्हणाला, "त्यांच्या उशाशी." मग कितीतरी वेळ दोघे गप्प बसून होते, असं सिस्टर सांगत होत्या.

मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ आले, पास्टरेट कमिटीचे, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीचे जुने सभासद. त्यांना दाराशी अडवलेलं आवडलं नाही. कमिटीत विषय काढतो म्हणून निघून गेले.

दुपारनंतर एक बाई धावत आली. नवऱ्याला छातीत दुखायला लागून दवाखान्यात हलवलं होतं. आईने तिला नाव विचारलं नाही की वही उघडली नाही. सिस्टरना हाक मारून खुर्चीवर बसवलं आणि त्या बाईबरोबर रिक्षाने दवाखान्यात गेली. वहीत सिस्टरनी फक्त दवाखान्याचं आणि वॉर्डाचं नाव लिहून ठेवलं होतं, खाली दोन रेघा. हे ओल्या कपड्यांनीच सायकलवर निघाले. रात्री उशिरा दोघे बरोबरच परतले. माणूस वाचला होता.

कमिटीत विषय निघाला, तक्रारीच्या सुरात निघाला. यांनी काही बोलण्याऐवजी आईची वही पुढे ठेवली. ज्यांनी तक्रार केली होती त्यांनीच ती मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर म्हणाले, "यातलं पाळकाचंच म्हणावं असं काम तर थोडंच आहे. बाकीचं आपण करू शकतो." पुढच्या सोमवारी त्या खुर्चीवर ते स्वतः येऊन बसले. आई नगरला परत गेली, पण पाळी लागली ती लागलीच. कधी सिस्टर, कधी रेल्वेचे एक निवृत्त गार्ड, कधी शब्बाथशाळेच्या बाई.

यांनी त्यानंतर बायबलमधल्या निर्गमच्या अठराव्या अध्यायावर उपदेश केला. तुम्हाला गोष्ट ठाऊक असेल. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसायचा. त्याचा सासरा इथ्रो म्हणाला, हे तुला एकट्याला झेपायचं नाही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम, आणि अवघड तेवढं तुझ्याकडे येऊ दे. पण त्याच अध्यायाच्या सुरुवातीचं लोक विसरतात. इथ्रो रिकाम्या हाताने आला नव्हता. माहेरी पाठवलेली मोशेची बायको सिप्पोरा आणि गेर्षोम, अलियेजर ही दोन मुलं, यांना तो बरोबर घेऊन आला होता. आधी बायकामुलं आणून पोचवली, मग कामाची वाटणी सांगितली. हा क्रम महत्त्वाचा आहे.

आणि हा क्रम चुकला की काय होतं? इंग्रज मिशनरी विल्यम केरींचं नाव मराठी माणसाने आदराने घ्यावं, 1805 साली त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं, 1811 साली मराठी नवा करार. पण 1793 मध्ये ते बंगालमध्ये उतरले, पुढच्याच वर्षी त्यांचा लहानगा पीटर आजाराने गेला. पत्नी डॉरथी यांचं मन त्यातून सावरलंच नाही. 1807 मध्ये त्या गेल्या. मुलांकडे पाहिलं ते बंगालमधल्या सेरामपूरच्या हॅना मार्शमन यांनी, केरींच्या सहकारी मिशनऱ्याच्या पत्नीने. केरींच्या मुलांना हॅनाबाई मिळाल्या. सगळ्यांच्या मुलांना कुठून मिळणार? रेव्हरंड टिळकांच्या कविता आपण गातो, पण त्या कवितांमागचं घर लक्ष्मीबाईंनी चालवलं, हेही आठवावं. आणि गाताना गीतांचं पुस्तक हातात धरावं, मोबाइलमध्ये बघून गायला माझी हरकत आहे; मध्येच फोन वाजतो आणि सगळ्या रांगेचं लक्ष जातं.

तर पुन्हा सांगते. पाळकाचा मोकळा दिवस मंडळीने राखायचा. पाळकाने "आज नाही" म्हटलं तर तो कठोर वाटतो. तेच मंडळीतल्या कुणी म्हटलं तर लोक ऐकतात. तातडीचं कोणतं आणि उद्या चालेल ते कोणतं, हे दारातल्या माणसाला कळलं पाहिजे, म्हणून तिथे पोक्त माणूस बसवा. आता दाराऐवजी फोन आहे. सोमवारी पाळकाचा फोन कमिटीतल्या कुणाकडे तरी राहू दे, आणि मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री दहानंतर पाळकाला प्रश्न विचारू नका.

आणखी एक. पाळकाच्या बदल्या होतात, आणि मुलं शाळेच्या मधूनच उचलली जातात. ज्या वर्षी पाळकाच्या घरात दहावी किंवा बारावी असेल, त्या वर्षी बदली पुढे ढकलावी असा अर्ज पास्टरेट कमिटीने स्वतःहून बिशपांकडे करावा. पाळकाला स्वतःसाठी मागायला संकोच वाटतो. तुमच्या कमिटीची पुढची बैठक असेल तेव्हा हा विषय जरूर घ्या.

नमस्कार.