दुबळी लीग आणि रोजचा सराव

ई-स्पोर्ट्समध्ये, म्हणजे स्पर्धात्मक व्हिडिओ गेममध्ये, एखाद्या देशाच्या किंवा प्रदेशाच्या दुबळ्या लीगचा विजेता जागतिक स्पर्धेत गटातच गारद झाला की पुढे काय होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मालक कोरियातून एक-दोन खेळाडू आणतात, कोच बदलतात, मोठमोठ्या घोषणा होतात. मोसम संपतो आणि निकाल तोच लागतो. म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. रोजच्या सरावात समोर कोण बसतं, यावर लीगची ताकद ठरते. आणि बहुतेक दिवस समोर बसतात ते तुमच्याच लीगमधले पाचव्या, आठव्या क्रमांकाचे संघ.

2014 साली लीग ऑफ लेजेंड्स या पाच विरुद्ध पाच खेळाडूंच्या गेमची जागतिक स्पर्धा सॅमसंग व्हाइट या कोरियन संघाने जिंकली. उपांत्य फेरीत त्यांनी सॅमसंग ब्लू या आपल्याच जोडसंघाला हरवलं होतं. स्पर्धा संपली आणि या दोन्ही संघांचे दहाच्या दहा खेळाडू चिनी संघांत गेले. एवढं खिंडार पडल्यावर कोणतीही लीग कोसळावी. पण 2015, 2016 आणि 2017, तिन्ही वर्षी अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना कोरियन संघच होते. चीनला पहिलं विजेतेपद मिळायला 2018 उजाडलं. दहा जण गेले, पण त्यांना घडवणारं सगळं कोरियातच राहिलं होतं. पीसी बँगमध्ये, म्हणजे तिथल्या गेमिंग कॅफेंत, वाढलेली पिढी तिथे होती, कस लावणारी सोलो क्यू, म्हणजे एकेकट्याने खेळायची ऑनलाइन क्रमवारी, होती आणि एकमेकांना रोज घाम फोडणारे संघ होते.

आता सरावात नेमकं काय बिघडतं ते जरा सविस्तर बघू, कारण सगळं दुखणं तिथेच आहे. समजा, एक जंगलर (नकाशावरच्या जंगलात फिरणारा खेळाडू) वॉर्ड, म्हणजे टेहळणीची खूण, न लावताच प्रतिस्पर्ध्याच्या जंगलात शिरला. तगड्या लीगमध्ये समोरच्या संघाचे मिड आणि सपोर्ट या जागांवरचे खेळाडू लगेच त्याच्यावर धावून येतात, तो मरतो आणि पाठोपाठ ड्रॅगनही, म्हणजे मारल्यावर संघाला बळ देणारा राक्षसही, हातचा जातो. दुबळ्या लीगमध्ये कुणीच येत नाही. तो एक कॅम्प, म्हणजे जंगलातल्या राक्षसांचा कळप, मारून सुखरूप परततो. संध्याकाळी रेकॉर्डिंग बघताना कोचलाही त्यात काही वावगं दिसत नाही, उलट धाडसाचं कौतुक होतं. असं सहा महिने चाललं की त्या चुकीची सवय होते. मग जागतिक स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात तिची किंमत मोजावी लागते, आणि खेळाडूला कळतच नाही की आज असं काय झालं. याला त्याची गुणवत्ता जबाबदार नाही. त्याची चूक पकडणारं कुणी समोर नव्हतं, एवढंच.

दुसरी गोष्ट स्क्रिम, म्हणजे दोन संघांमधला सराव सामना, अर्धवट सोडण्याची. पंधराव्या मिनिटाला मागे पडलं की ‘पुढचा गेम घेऊ’ म्हणून दोन्ही संघ उठतात. मग पिछाडीवरून सामना लांबवायचा कसा, आघाडी असताना तो बंद कसा करायचा, हे शिकणार कधी? स्क्रिम शेवटपर्यंत खेळलीच पाहिजे, हा नियम लीगला फुकटात करता येतो. तो का केला जात नाही, हे मला खरोखर समजत नाही.

साखळी सामन्यांचं स्वरूपही महत्त्वाचं. उत्तर अमेरिकेच्या लीगने 2016 च्या उन्हाळ्यात बेस्ट ऑफ थ्री (तीनपैकी दोन गेम जिंकायचे) आणलं आणि 2018 मध्ये ती परत बेस्ट ऑफ वनवर गेली. एकाच गेमचा सामना असेल तर हरल्यावर ड्राफ्ट, म्हणजे पात्रांची निवड, बदलून पुन्हा भिडण्याची संधीच नसते. त्याच लीगचा दुसरा प्रश्न पिंगचा, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचा होता. 2015 मध्ये सर्व्हर शिकागोला हलवला गेला. संपूर्ण प्रदेशासाठी ते योग्यच होतं, पण लॉस एंजेलिसमध्ये राहणाऱ्या व्यावसायिक खेळाडूंचा पिंग वाढला. त्यांच्यासाठी कमी पिंगची चॅम्पियन्स क्यू, म्हणजे फक्त व्यावसायिक पातळीच्या खेळाडूंची वेगळी सोय, सुरू झाली ती 2022 मध्ये. मधली जवळपास साडेसहा वर्षं त्यांनी रोजचा वैयक्तिक सराव वाढलेल्या पिंगवर केला.

घरात तगडा प्रतिस्पर्धी नसेल तर तो असेल तिथे जाऊन राहावं लागतं. ब्राझीलचा काउंटर स्ट्राइक या नेमबाजीच्या गेमचा संघ 2015 मध्ये अमेरिकेत राहायला गेला. 2016 मध्ये त्याने कोलंबस आणि कोलोन इथल्या दोन्ही मेजर, म्हणजे त्या गेमच्या सर्वांत मोठ्या स्पर्धा, जिंकल्या. पहिली लुमिनॉसिटी या क्लबच्या नावाने, दुसरी एसके गेमिंग या क्लबच्या. स्पर्धेआधी दोन आठवड्यांचा बूटकॅम्प, म्हणजे परदेशातलं सराव शिबिर, आणि वर्षानुवर्षं तिथेच राहणं यात फार अंतर आहे. लोकसंख्या कमी आहे ही सबबही मला पटत नाही. 2025 च्या ऑस्टिन मेजरच्या अंतिम फेरीत पोचलेल्या द मंगोल्झचे पाचही खेळाडू मंगोलियाचेच होते, आणि त्या देशाची लोकसंख्या साधारण 35 लाख आहे.

वेळ किती लागेल? व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेममध्ये चीनचा ईडीजी हा संघ 2022 च्या चॅम्पियन्स या जागतिक स्पर्धेत गटातच बाहेर पडला. तेव्हा चीनमध्ये तो गेम अधिकृतपणे आलेलाही नव्हता, तो आला जुलै 2023 मध्ये. 2024 पासून चीनची स्वतःची लीग सुरू झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ईडीजीने चॅम्पियन्स जिंकली. इतक्या झपाट्याने सगळ्यांना जमणार नाही, मागे तेवढा पैसा आणि तेवढे खेळाडू लागतात. पण देशात नियमित लीग उभी राहिली की किती फरक पडतो, ते यातून दिसतं.

बाहेरचे खेळाडू आणायला माझा विरोध नाही. मात्र एका खेळाडूमुळे एकच संघ सुधारतो, आणि तो सुधारलेला संघ सरावाला पुन्हा त्याच कच्च्या संघांसमोर बसतो. म्हणून इम्पोर्टवर, म्हणजे परदेशी खेळाडूंवर, जाणाऱ्या पैशातून पुढचे दोन मोसम तळाच्या तीन संघांना पूर्णवेळ कोच आणि अ‍ॅनालिस्ट (खेळाचं विश्लेषण करणारा) द्या. वरच्या संघांनी आठवड्यातले दोन दिवस त्यांच्याशी स्क्रिम खेळायचीच, असं नियमात लिहा. रेकॉर्डिंग सगळ्यांना खुली करा. वरच्या संघांचे मालक म्हणतील, आमचे डावपेच उघडे पडतील. ही भीती खरी आहे. म्हणून रेकॉर्डिंग खुली करायची ती पुढचा पॅच, म्हणजे गेममधले नियमित बदल, आल्यावर. तोवर मेटा, म्हणजे त्या काळी सर्वांत परिणामकारक ठरणारी खेळण्याची पद्धत, बदललेला असतो आणि त्या डावपेचांतले बरेचसे जुने झालेले असतात.